अपूला माफी कुणी दिली?

सत्यजित राय यांचा 'अपूर संसार' १९५९ सालचा. 'पथेर पांचाली' (१९५५) आणि 'अपराजितो' (१९५६) या दोन चित्रपटांत ज्या अपूला आपण आधी खेड्यातलं पोर आणि मग कॉलेजातला मुलगा म्हणून पाहिलं, तो इथं तरुण झाला आहे. कोलकात्यात रेल्वेच्या रुळांलगतच्या एका खोलीत राहतो, भाडं थकलेलं आहे, कादंबरी लिहितो आहे. पुलू नावाच्या मित्राबरोबर त्याच्या नात्यातल्या अपर्णा नावाच्या मुलीच्या लग्नाला जातो. नवरामुलगा वेडा निघतो. मुहूर्त टळला तर मुलगी जन्मभर बिनलग्नाची राहणार, म्हणून शेवटी अपूच बोहल्यावर उभा राहतो. थोड्या दिवसांचा सुखाचा संसार होतो आणि अपर्णा बाळंतपणात जाते. मूल जगतं. त्याचं नाव काजल. अपू त्याचं तोंडही न पाहता निघून जातो आणि पाच वर्षांनी परत येतो.

पुढचं बोलणं आत्या आणि भाचा यांच्यातलं आहे. आत्यानं निम्मी हयात कोकणात बालवाडी चालवण्यात घालवली. भाच्यानं पुण्यात चित्रपट रसास्वादाचं शिबिर केलं, तेव्हापासून राय त्याचं दैवत. सिनेमा दोघांनी एकत्र पाहिला, पण दोघांनी एकच सिनेमा पाहिला असं म्हणवत नाही.

आत्या : पहिला भाग मला फार आवडला. ती मुलगी, शर्मिला टागोर ना? केवढी असेल रे तेव्हा?

भाचा : चौदाच्या आसपास. तिचा आणि सौमित्र चटर्जींचा, दोघांचाही हा पहिलाच सिनेमा.

आत्या : अजिबात वाटत नाही. त्या खोलीत पहिल्यांदा येते, खिडकीशी जाऊन उभी राहते, रडायला लागते. फाटक्या पडद्यातून खाली बघते, तर एक बाई लेकराला खेळवत असते. तिथं तिचा चेहरा बदलतो. एका शब्दाशिवाय कळतं की ही आता इथं राहणार. हे सगळं मान्य. पण शेवट मला पटलेला नाही, ते आधीच सांगून टाकते.

भाचा : शेवट? जगभरच्या लोकांचा जीव आहे त्या शेवटावर.

आत्या : असू दे. पाच वर्षं ज्यानं पोटच्या पोराचं तोंड पाहिलं नाही, तो एक दिवस उगवतो, पोराला खांद्यावर घेतो, मागे रविशंकर वाजतात आणि आपण डोळे पुसायचे. एखादी आई अशी पाच वर्षं निघून गेली असती, तर तिला कुणी खांद्यावर पोर घेऊन नदीकाठानं चालू दिलं असतं का?

भाचा : तो काही मजेत नव्हता गं. बायको गेल्याचं मेव्हणा सांगतो, तेव्हा त्या मेव्हण्याच्याच थोबाडीत मारतो. नंतर रुळांवर जीव द्यायला उभा राहतो आणि गाडीखाली येतं एक डुक्कर. मरणसुद्धा त्याच्या हातून नीट होत नाही. पुढे समुद्र, जंगल, डोंगर, नुसता भटकतो. जी कादंबरी त्याचा श्वास होती, तिची पानं डोंगरावरून वाऱ्यावर सोडून देतो. त्यानं पोर टाकलं हे खरं, पण त्याआधी स्वतःलाही टाकलं होतं.

आत्या : हेच मला खुपतं. त्याच्या दुःखाला समुद्र आहे, डोंगर आहे, सूर्योदय आहे, सतार आहे. पोराच्या पाच वर्षांना काय आहे? पोर कधी चालायला लागलं, पहिला ताप आला तेव्हा कुणी उशाशी रात्र काढली, 'बाबा कुठे' असं त्यानं पहिल्यांदा कुणाला विचारलं, यातलं काही दिसत नाही. बापाचं दुःख तेवढं देखणं.

भाचा : पण काजल पडद्यावर येतो कसा, ते आठव. चेहऱ्यावर राक्षसाचा मुखवटा, हातात गलोल, आणि त्या गलोलीनं तो पाखरू मारतो. पाच वर्षांचा हिशेब रायनी त्यात मांडलाय. 'हे पोर दुःखी आहे' असं कुणी सांगत बसत नाही.

आत्या : तो प्रसंग खरा आहे. त्यात मी खोट काढणार नाही. अशी पोरं मी पाहिलीत. ज्याला कुणी विचारत नाही ते पोर कोपऱ्यात बसून रडत नाही. ते दुसऱ्याचा डबा सांडतं, मांजराचं शेपूट ओढतं. आपण काहीतरी केलं की माणसं वळून बघतात, एवढं त्याला कळलेलं असतं. तुझ्या रायना पोरं कळतात. माझं भांडण बापाशी आहे, आणि त्याला सोडून देणाऱ्या प्रेक्षकांशी.

भाचा : पण अपू स्वतःला सोडून देत नाही. पुलू त्याला शोधत कोळशाच्या खाणीवर येतो, तेव्हा तो लपवाछपवी करत नाही. काजल आहे म्हणून अपर्णा नाही, हे तो बोलून दाखवतो. किती भयंकर वाक्य आहे ते! एवढ्याशा पोराला खुनी ठरवणारं. पण निदान तो खरं बोलतो.

आत्या : खरं बोलला म्हणून काय आरती ओवाळायची? आणि पैसे पाठवत होता म्हणे. ते ऐकून तर मला आमचा अख्खा गाव आठवला. बाप मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, पोरं इथं आजीपाशी. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, त्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळींची खुशाली असायची. गणपतीला बाप यायचा, हातात पत्र्याची मोटार, आणि पोर आजीच्या पदराआड. बाप हाका मारतोय, पोर बघतंय कुठे तर मोटारीकडे. मग बायका मलाच विचारायच्या, "बाई, हा बापाकडे जात का नाही हो?" काय सांगणार? ओळख नाही म्हणून जात नाही. ओळख टपालानं येत नाही.

भाचा : पण चाकरमान्याचा तरी काय दोष? त्याला पर्यायच नव्हता.

आत्या : अगदी बरोबर. त्याला पर्याय नव्हता, तरी तो वर्षातून दोनदा यायचा. गणपतीला आणि शिमग्याला. रजा नसली तर मालकाशी भांडून यायचा. तुझ्या अपूला कुणी अडवलं होतं? म्हणून म्हणते, त्याचं दुःख मोठं असेल, पण गुन्हाही मोठाच आहे. आणि ज्या म्हाताऱ्यानं पोर सांभाळलं, त्याच्या हातात सिनेमानं काठी देऊन ठेवलीय.

भाचा : आजोबा वाईट दाखवलेले नाहीत गं. थकलेले दाखवलेत.

आत्या : तू थकलेले बघितलेस, कारण तू सिनेमा शिकलायस. बाकीचे काठी बघतात. लेक बाळंतपणात गेलेली, जावई परागंदा, आणि या वयात हे वांड पोर गळ्यात. तो काठी उगारणार नाही तर काय करेल? त्याच्या पाच वर्षांचं प्रायश्चित्त कुणी घ्यायचं?

भाचा : आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तू कदाचित थोडी नरमशील. मूळ गोष्ट विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'अपराजित' या कादंबरीतली. १९३२ सालची. तिचा शेवट असा नाही. कादंबरीतला अपू काजलला घेऊन आपल्या निश्चिंदीपूर गावी येतो, लहानपणच्या मैत्रिणीपाशी, रानूदीपाशी त्याला ठेवतो आणि स्वतः पुन्हा परदेशी निघून जातो. म्हणजे पुस्तकातला बाप परत एकदा जातो. रायनी ते उलटं केलं. त्यांचा अपू पोराला घेऊनच निघतो.

आत्या : असं? हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी का बदललं?

भाचा : कारण त्यांनी कुठे लिहून ठेवलंय की नाही ते सोड, मला असं वाटतं. राय अडीच वर्षांचे असताना त्यांचे वडील सुकुमार राय गेले. आई सुप्रभाबाईंनी वाढवलं. आणि 'अपूर संसार' केला तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा संदीप पाच-सहा वर्षांचा होता, म्हणजे काजलच्याच वयाचा. बिनबापाचा वाढलेला माणूस, घरी तेवढंच पोर. तो पडद्यावरच्या बापाला दुसऱ्यांदा कसा जाऊ देईल?

आत्या : माणसाची कुंडली मांडून त्याच्या सिनेमाचा अर्थ लावू नये. पण बदल बोलका आहे, एवढं म्हणते. कादंबरीतल्या माणसाला जग बघायचंय, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही. रायना पोर कुठे राहणार याची काळजी दिसते. हे श्रेय मी त्यांना देते, अपूला नाही.

भाचा : अपूलाही द्यावं लागेल, कारण वेळेला घरी नसणं हे त्याच्या घराण्यातच आहे. 'पथेर पांचाली'तला त्याचा बाप हरिहर आठव. कामधंद्यासाठी महिनोन्महिने बाहेर. परत येतो तो लेकीसाठी साडी घेऊन, आणि दुर्गा तोवर गेलेली असते. घरच्या मोठ्या संकटात बाप घरी नाही, हे अपूनं लहानपणीच पाहिलंय. 'अपराजितो'मध्ये मग तो स्वतः तेच करतो. आई गावात झुरतेय, हा कोलकात्यात शिकतोय, आणि पोचतो तेव्हा आई नाही. तिसऱ्या सिनेमात तो पहिल्यांदाच वेळेत पोचतो. पाच वर्षं उशिरा, पण पोर जिवंत असताना पोचतो.

आत्या : हे बरं सांगितलंस. म्हणजे तो जे फेडायला येतो, त्यात आईचं, सर्वजयेचंही देणं आहे. आईचं फेडता आलं नाही, ते पोरापाशी फेडायचं. यात मला अर्थ दिसतो. पण देणं होतं म्हणून फेडलं गेलं असं होत नाही. फेडण्याची रीत काय? तो येतो कसा? हातात खेळण्यातली आगगाडी घेऊन. पुन्हा पत्र्याची मोटार!

भाचा : आणि काजल ती आगगाडी झिडकारतो! लहानपणी अपू आणि दुर्गा ज्या आगगाडीसाठी काशाच्या फुलांतून धावले, ती आगगाडी पोराला नको आहे. बाप आपलं लहानपण त्याला भेट द्यायला बघतो आणि पोर ते घेत नाही. वर दगड मारतो. अपूला लागतो. आजोबा काठी उगारतात तेव्हा अपूच आडवा येतो. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला वाचवतो. तुला हवं ते प्रायश्चित्त इथं नाही का?

आत्या : सुरुवात आहे. दगड खाल्ला हे बरंच केलं. बऱ्याच बापांना तो आपला अपमान वाटला असता, पोराला दोन दिल्या असत्या. पण त्यानंतर काय झालं बघ. तो एकटा निघतो, पोर लांबून मागे मागे येतं, आणि मग बोलणं होतं. पोर विचारतं, मला कोलकात्याला माझ्या बाबांकडे नेशील का. हा हो म्हणतो. ते सोडून तर जाणार नाहीत ना? नाही जाणार. तू कोण? तर मित्र! अरे, खोटं बोलून नेलं की पोराला!

भाचा : मला त्यात खोटं नाही दिसत. 'मी तुझा बाप' हे आदल्या दिवशी सांगून झालंय, आणि काजलनं ते उडवून लावलंय. त्याचा बाप कोलकात्यात आहे, मोठा आहे, एक दिवस येणार आहे. हा दाढी वाढलेला माणूस तो नव्हे. मग अपू बापपणाचा हक्क खाली ठेवतो. पोर जे नातं देईल ते घेतो. तो 'मित्र' म्हणतो तेव्हा पहिल्यांदा काहीही मागत नसतो.

आत्या : थांब. मला आता दुसरंच काहीतरी दिसतंय. तू पोराला भोळं समजतोयस. पाच वर्षांचं पोर भोळं नसतं. अख्खं घर त्याला सांगतंय, हा तुझा बाप. त्याला कळलेलं आहे. पण काल दगड मारल्यावर आज गळ्यात कसं पडायचं? पोरांनाही मान असतो. भांडून कोपऱ्यात बसलेलं पोर आमच्याकडे कधी 'चुकलं' म्हणून यायचं नाही. "बाई, माझी पाटी कुठेय?" असं म्हणत यायचं. पाटी त्याच्या हातातच असायची. आपण ती शोधायला लागायचं.

भाचा : म्हणजे वाट काजलनं काढून दिली?

आत्या : त्यानंच. मोठा माणूस नुसता उभा होता. 'बाबांकडे नेशील का' हा प्रश्न त्या माणसाला बाप होण्याची एक संधी देणारा आहे, आणि तो विचारणारा पाच वर्षांचा आहे. 'सोडून तर जाणार नाहीत ना' ही त्याची अट आहे. अपूनं एवढंच शहाणपण केलं की पोराच्या खेळात त्याला टोकलं नाही. सिनेमात माफी कुणी दिली असेल तर ती या पोरानं, आणि तीही अटीवर.

भाचा : मग शेवट पटला म्हण की!

आत्या : पोर पटलं. शेवट अजून नाही. तो 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' तूच दाखवला होतास ना मला? १९७९ चा, डस्टिन हॉफमनचा. बायको घर सोडून जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी हा पोराला फ्रेंच टोस्ट करायला घेतो. अंडं सांडतं, पाव करपतो, हात भाजतो, आणि वर तोंडानं 'मजा येतेय ना' म्हणतो. सिनेमाच्या शेवटाला तेच बापलेक तोच टोस्ट करतात, एक शब्द न बोलता, एकाचा हात दुसऱ्याला बरोबर कळतो. मधल्या दिवसांत जे झालं त्याला मी बापपण म्हणते. 'अपूर संसार' नेमका तिथं संपतो जिथं टोस्ट करपायला सुरुवात होणार.

भाचा : पण अपूला घरकाम माहीत नाही असं नाही. अपर्णा त्याला जेवताना वारा घालते, आणि लगेच पुढच्या दृश्यात ती जेवतेय आणि हा पंखा हलवतोय. ५९ सालच्या सिनेमात बायकोला वारा घालणारा नवरा! त्याला माया करता येते, हे रायनी आधीच दाखवून ठेवलंय. मधे ती गोठली होती. काजलपाशी ती पुन्हा सुरू होते, एवढंच सिनेमाला सांगायचंय. पुढचं सगळं दाखवलं असतं तर तो दुसराच सिनेमा झाला असता.

आत्या : पंख्याचं विसरलेच होते. तो पंखा माझ्या बाजूनं आहे बघ, तुझ्या नाही. माया म्हणजे खांद्यावर घेणं नाही, ताट पुढ्यात असेपर्यंत हात हलवत राहणं. अपूला ते येतं हे रायना माहीत आहे, म्हणूनच मला पोराबरोबरचा एक तरी पंखा बघायचा होता.

भाचा : डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'मध्येही नाही दाखवत. रायनी १९५० मध्ये लंडनला तो पाहिला आणि सिनेमाच करायचा हे तिथं पक्कं झालं. त्यात बाप चोरी करताना पकडला जातो, लोकांचा मार खातो आणि पोर त्याचा हात हातात घेतं. सिनेमा संपतो. दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

आत्या : कारण तो बाप दिवसभर पोराबरोबरच हिंडतोय! हात धरायला पोराकडे कारण आहे. काजलकडे काय कारण आहे? फक्त गरज. हा फरक मोठा आहे, आणि तुम्ही शिबिरवाले तो बघत नाही. पोराला बाप हवा असतो म्हणून ते वाईट बापालाही माफ करतं. त्याच्या गरजेला त्या माणसाचं प्रमाणपत्र समजू नका.

भाचा : हे मी लिहून ठेवतो.

आत्या : लिहीच. आणि हेही लिही की सिनेमा मोठा आहे. तो खोटं सांत्वन करत नाही. पोर बापाला 'बाबा' म्हणत नाही, आजोबा मागेच राहतात, अपर्णा परत येत नाही, कादंबरीची पानं परत मिळत नाहीत. अपूच्या हाती येतं ते फक्त एक पोर आणि एक वचन. माझं म्हणणं इतकंच की बघणाऱ्यानं तिथं निकाल लागला असं समजू नये. माणूस सुधारला असं म्हणण्यासाठी पाच वर्षं लागतात. जेवढी घालवली, निदान तेवढी.

भाचा : आणि माझं म्हणणं असं की ती पाच वर्षं सुरू कुठून होतात, ते कुणीतरी दाखवायला हवं होतं. दगड खाऊनही न रागावणं, आणलेलं खेळणं झिडकारलं गेल्यावरही थांबणं, आणि 'बाप' म्हणवून घ्यायची घाई न करणं. हरवलेल्या बापानं परत कसं यावं, याचा याहून चांगला धडा मी पडद्यावर पाहिलेला नाही.

आत्या : मग आपलं भांडण एवढ्यावरच राहिलं. तू परत येण्याबद्दल बोलतोयस, मी राहण्याबद्दल. पुढे काय झालं, हे कुणी दाखवलं का रे?

भाचा : रायनी नाही. विभूतिभूषण यांचे चिरंजीव तारादास यांनी पुढची गोष्ट 'काजल' नावाच्या कादंबरीत लिहिली. वडील १९५० मध्ये गेले तेव्हा तारादास स्वतः जेमतेम तीन वर्षांचे होते. आणि २०२१ मध्ये शुभ्रजित मित्र यांचा 'अभियात्रिक' आला, त्यात अपू आणि काजल एकत्र आहेत. राय यांनी मात्र अपूवर चौथा चित्रपट केला नाही.